आधी पाणी, मग खोल्या: डोंगरउतारावरच्या एका हॉटेलच्या प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल

मालकांची मागणी जशी आली तशी लिहून ठेवते: ३६ खोल्या, मोठं उपाहारगृह, पोहण्याचा तलाव, समारंभासाठी हिरवळ, आणि सगळं आजूबाजूच्या निसर्गाशी जुळणारं.

जागा नऊ एकर. दक्षिणेकडे उतरणारा डोंगरउतार, साधारण चारास एक. माथ्याकडे दाट झाडी, मधल्या टप्प्यात पूर्वी कसलेली आणि आता पडीक पडलेली पायऱ्यापायऱ्यांची जमीन, पायथ्याला ओढा. पूर्वेच्या घळीत एक झरा आहे, तोच या ओढ्याला उन्हाळ्यात जिवंत ठेवतो. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती. हवामान उष्ण कटिबंधातलं: चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे, वर्षाचा पाऊस सरासरी १,८०० मिलिमीटर.

सर्व्हेअरला कंटूर नकाशा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा, दर अर्ध्या मीटरला हवा म्हणून सांगितलं. एक मीटरचा नकाशा अशा उतारावर पुरत नाही, पायऱ्यांचे बांध त्यात दिसतच नाहीत. तीस सेंटिमीटरहून जास्त घेराचं प्रत्येक झाड नकाशावर यायला हवं, हेही लेखी दिलं.

रेखाटन अजून एकही केलेलं नाही आणि इतक्यात करणारही नाही. एकदा चित्र मालकांच्या डोळ्यांसमोर आलं की त्यातली प्रत्येक खोली त्यांची होऊन बसते, मग ती कमी करणं फार जड जातं. आधी झरा मोजायचा, आणि तोही उन्हाळ्याच्या टोकाला, धार सगळ्यात बारीक असताना.

२ मे

झरा मोजला. घळीच्या तोंडाशी दगड आणि चिकणमाती रचून पाणी अडवलं, पत्र्याची पन्हळ लावून सगळी धार एका ठिकाणी आणली आणि खाली २० लिटरची बादली ठेवली. बाजूने पाझरणारं पाणी पुन्हा पुन्हा माती लावून बंद करावं लागलं, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. बादली काठोकाठ भरायला सरासरी ५० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ०.४ लिटर, दिवसाला ३४,५६० लिटर.

ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण हे पाणी कोणाचं, हा प्रश्न आकड्याच्या आधी येतो. खालच्या वस्तीतल्या एक आजी आमचं काम बघत बांधावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माझ्या सासूच्या काळापासून ही धार आटली नाही. पण याहून बारीक झालेली मी बघितलीय." त्यांचं वाक्य नोंदवहीत आकड्याच्या शेजारी लिहिलं. आमच्याकडे एका उन्हाळ्याची मोजणी आहे, त्यांच्याकडे आयुष्यभराची.

संध्याकाळी वस्तीतल्या लोकांबरोबर बैठक झाली. ठरलं ते असं: सगळ्यात बारीक धारेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी हॉटेलने घ्यायचं नाही, आणि धार वाढली तरी हा आकडा वाढवायचा नाही. म्हणजे दिवसाला ३,४५६ लिटर. बोअर मारायची नाही, हे मी स्वतःहून सांगितलं. वरच्या अंगाला बोअर मारून झऱ्याचंच पाणी खेचायचं आणि झऱ्याला हात लावला नाही म्हणायचं, हे मला पटणार नाही.

१० मे

आता हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होतं, इतकं सोपं गणित आहे. छपरावरून वाहून पन्हळीत येईपर्यंत काही पाणी वाया जातं, म्हणून ८५ टक्के धरलं.

मागणीप्रमाणे ३६ खोल्या, सगळ्या भरलेल्या. पाहुणे ७२. स्वयंपाकघर आणि धुलाई धरून माणशी २०० लिटर. कर्मचारी ३०, त्यांचे ४५ लिटर. दिवसाला १५,७५० लिटर. कोरडे दिवस २४०. एकूण ३७.८ लाख लिटर. छप्पर १,५०० चौरस मीटर धरलं तर अख्ख्या वर्षात २२.९५ लाख लिटर मिळतं. म्हणजे पावसाचा थेंब न् थेंब साठवला तरी भागत नाही.

मग वापर खाली आणला. मिनिटाला ६ लिटरचे शॉवर, फ्लशला आणि झाडांना फक्त शुद्ध केलेलं सांडपाणी, पुढून कपडे घालायची धुलाईयंत्रं, चादरी रोज न बदलणं. ताजं पाणी माणशी ११० लिटरवर येतं, कर्मचाऱ्यांचं ४० वर. याहून खाली जायची माझी तयारी नाही. पाहुण्याला अंघोळ करताना धाक वाटू लागला तर तो परत येणार नाही, आणि आला तरी नळ उघडा ठेवून राग काढेल.

या वापराने ३६ खोल्यांना दिवसाला ९,१२० लिटर. झऱ्याचा हिस्सा वजा केला की ५,६६४ लिटर टाकीतून, आणि आठ महिन्यांसाठी साठा १३.६ लाख लिटर. तेवढी टाकी बसवायची तर डोंगर कापावा लागेल.

२० खोल्या धरल्या तर पाहुणे ४०, कर्मचारी १८, दिवसाला ५,१२० लिटर. झऱ्याचा हिस्सा वजा जाता १,६६४. साठा फक्त ४ लाख लिटर.

इथे थांबून हे आकडे पुन्हा तपासले. खोल्या १.८ पट झाल्या की टाकी ३.४ पट होते. कारण झऱ्याचा हिस्सा ठरलेला आहे, तो खोल्यांबरोबर वाढत नाही. त्यापलीकडची प्रत्येक खोली पूर्णपणे टाकीवर जगते. या जागेवर किती खोल्या बसतात ते क्षेत्रफळातून कळत नाही, या दोन ओळींतून कळतं.

पोहण्याचा तलावही याच तराजूत टाकला. १२० चौरस मीटरच्या उघड्या पाण्यावरून कोरड्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर उडून गेलं तर ६०० लिटर. पाच पाहुण्यांचं पाणी हवेत.

२१ मे

मालकांशी बैठक. लांबली, पण चांगली झाली. चित्र न नेता फक्त एक पान नेलं: डावीकडे खोल्यांची संख्या, उजवीकडे टाकी.

त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता. "मॅडम, कमी पडलं तर टँकर मागवू. सगळे तेच करतात."

मी म्हटलं, "सर, टँकरचं पाणीही कुठल्यातरी विहिरीतलंच असतं. ती विहीर आपल्याला दिसत नाही एवढाच फरक. आणि मे महिन्यात टँकर सगळ्यांनाच हवा असतो. हॉटेल ज्या महिन्यात भरलेलं, त्याच महिन्यात तुम्ही दुसऱ्याच्या हातात."

मग २४ वर बोलणं आलं. २४ खोल्यांना साठा ६.३ लाख लिटर. चार खोल्यांसाठी दीडपटीहून मोठी टाकी. ते पान त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं. पुढची चर्चा खर्चाची झाली, आणि तिथे त्यांचं बरोबर होतं: खोल्या कमी झाल्या तर रस्ता, स्वयंपाकघर, कर्मचारी यांचा भार उरलेल्या खोल्यांवर पडतो. म्हणून त्या गोष्टीही लहान करायच्या ठरल्या. गाड्या फाट्याजवळच थांबतील, उतारावर गाडीरस्ता होणार नाही. उपाहारगृह एकच, समारंभाची हिरवळ नाही, तलाव नाही. खोल्या थोड्या ऐसपैस, राहणं किमान दोन रात्रींचं. एक रात्र राहणारा पाहुणा चादरी आणि टॉवेल तेवढेच धुवायला लावतो.

ठरलं: २० खोल्या. दोन पूर्ण उन्हाळे मीटरने मोजल्यावर आणखी चार खोल्यांचा विचार, तोही आकडे साथ देतील तरच. ही अट मीच सुचवली, कारण "नाही" म्हणण्यापेक्षा "मोजून बघू" हे खरं आहे.

९ जून

पहिल्या सरी. अंधार पडल्यावर ओढ्याकाठी थांबले. काजवे इतके, की झाडांचे आकार त्यांच्या चमकण्यावरून ओळखू येत होते.

काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना शोधणं. बाहेरचा उजेड वाढला की हे संकेत दिसेनासे होतात आणि पुढची पिढी घटते. याचा परिणाम थेट आमच्या विजेच्या नकाशावर होतो. डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था बाहेरच्या दिव्यांसाठी ३,००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) ही वरची मर्यादा सुचवते, आम्ही २,२०० घेतोय, म्हणजे पिवळसर नारिंगी उजेड. खांबावर एकही दिवा नाही. पायवाटेला गुडघ्याच्या खाली, वरून झाकलेले, माणूस जवळ आला तरच लागणारे दिवे. ओढ्यापासून ४० मीटरच्या पट्ट्यात तेही नाहीत. प्रत्येक खोलीत हातातली विजेरी.

मालकांच्या मनात सुरक्षिततेची शंका आहे. पायऱ्यांच्या कडा दिसल्याच पाहिजेत, ते त्यांचं म्हणणं रास्त आहे. कडेला फिकट दगडाची पट्टी बसवू, मंद उजेडातही ती उठून दिसते.

१७ जुलै

या नोंदीसाठीच पावसाची वाट बघत होते. सलग मुसळधार पाऊस, रेनकोट आणि बांबूच्या खुंट्यांचा भारा घेऊन आम्ही चौघं उतारावर. पाणी जिथून वाहतं तिथे तिथे खुंटी ठोकत वरून खाली आलो. कंटूर नकाशावर दोन घळी दिसतात. प्रत्यक्षात पाच वाटा सापडल्या. त्यातल्या तीन जुन्या बांधांच्या फटींतून निघतात. ज्यांनी ही जमीन कसली त्यांनी त्या फटी जाणूनबुजून ठेवल्यात: खाली सपाट दगड टाकलाय, पाणी पडून माती उकरू नये म्हणून. एका फटीतला दगड मधोमध झिजून खोलगट झालाय. बांधकामातली इतकी नेमकी समज मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

या पाचही वाटा मोकळ्या राहणार. सातव्या आणि आठव्या खोलीची जागा एका वाटेवर येत होती, ती पश्चिमेला सरकवली. बाकी सगळ्या खोल्या मधल्या पडीक पायऱ्यांवर. झऱ्याची घळ ही या जागेतली सगळ्यात सुंदर जागा, आणि म्हणूनच तिथे काही बांधायचं नाही. वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी श्रीलंकेत कंदलामाचं हॉटेल रचताना हाच निर्णय घेतला होता. आधी सुचवलेली सिगिरिया या प्राचीन खडकदुर्गाच्या पायथ्याची जागा त्यांनी नाकारली आणि दूरवर सिगिरियाचा कडा दिसेल अशी जागा निवडली. इमारत खांबांवर उचलली, खडकावरून येणारं पावसाचं पाणी तिच्या खालून तळ्याकडे जातं. आज झाडावेलींनी ती इतकी झाकलीय की पाण्याच्या बाजूने पाहिलं तर डोंगराची कडच वाटते.

पायाचंही ठरलं. सलग प्लिंथ (जोतं) नाही, भराव नाही, उंच राखण-भिंती नाहीत. प्रत्येक खोली सुट्या फूटिंगवर (पायाच्या ठोकळ्यांवर), खांबांवर, जमिनीपासून किमान ६० सेंटिमीटर वर. नॉर्वेतल्या जुवेत हॉटेलच्या खोल्या खडकात बसवलेल्या ४० मिलिमीटर जाडीच्या पोलादी गजांवर उभ्या आहेत, त्यासाठी खडक फोडलाच नाही. आमच्याकडे खडक एवढा वर नाही, मुरुमावर टेकावं लागेल, पण विचार तोच. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतात, उतारावर खांबांची उंची कमीजास्त झाली की भूकंपात आखूड खांबावर जास्त ताण येतो, त्यामुळे खालच्या बाजूचे तिरके टेकू अटळ आहेत. चालेल. टेकू दिसले तरी हरकत नाही.

६ ऑगस्ट

उपाहारगृहाच्या कोपऱ्यापाशी एक मोठं वडवर्गीय झाड. घेर टेपने २.१४ मीटर, म्हणजे छातीच्या उंचीला व्यास ६८ सेंटिमीटर. मुळांच्या संरक्षणाचा नियम असा की खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ सोडायचं. इथे ते ८.२ मीटर येतं. दोरी बांधून वर्तुळ जमिनीवर काढलं तर स्वयंपाकघराची अख्खी बाजू त्यात जात होती.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, "ताई, झाड तोडत नाही आपण, बाजूने खणू फक्त." पण झाडाची पाणी शोषणारी मुळं वरच्या हातभर मातीत पसरलेली असतात. एका बाजूने खणलं, वरून डंपर फिरला, माती दाबली गेली, तर झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी वाळायला लागतं. तोवर हॉटेल सुरू झालेलं असतं आणि कुणालाच कारण आठवत नाही. या जातीच्या झाडांना इतर झाडं रिकामी असताना फळं येतात, त्यामुळे कितीतरी पक्षी, वटवाघळं, माकडं त्यांच्यावर तग धरतात. स्वयंपाकघर सहा मीटर मागे घेतलं. वर्तुळाभोवती बांधकाम संपेपर्यंत पक्कं कुंपण, आणि त्याचा खर्च वेगळी बाब म्हणून निविदेत.

वरची १५ ते २० सेंटिमीटर माती आधी काढून वेगळी ठेवायची, ढीग दीड मीटरहून उंच नको, त्यावर गवत उगवू द्यायचं. तिच्यात इथलं बी आहे. शोभेची झाडं विकत आणायची गरज मला दिसत नाही.

२ सप्टेंबर

ऊन आणि वारा. उतार दक्षिणेकडे असल्यामुळे कंटूरला समांतर बांधलं की लांब बाजू आपोआप उत्तर-दक्षिण तोंडाच्या होतात. इथे जमीन आणि सूर्य एकच गोष्ट सांगतायत, असं नशीब नेहमी मिळत नाही.

जागा साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४८.५ अंशांवर, त्या वेळी ९० सेंटिमीटरची वळचण भिंतीवर सुमारे एक मीटर सावली टाकते. विषुवदिनी तो ७२ अंशांवर असतो, सावली पावणेतीन मीटर, म्हणजे भिंत पूर्ण झाकली जाते. थंडीच्या दिवसांत खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येईल, ते हवंच आहे. मे-जूनमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून उत्तरेला जातो, सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. तिथे उभ्या लाकडी पट्ट्या.

मालकांना प्रत्येक खोलीतून सूर्यास्त हवा होता. पश्चिमेला मोठी काच म्हणजे दिवसभर गारवा राखून संध्याकाळी खोली तापवणं. त्यावर पडदा ओढला की सूर्यास्तही गेला. शिवाय अशा काचेत झाडांचं प्रतिबिंब पडून पक्षी येऊन आदळतात. सूर्यास्तासाठी पश्चिम टोकाला एक सामायिक गच्ची काढली. माणसांना एकत्र बसून सूर्यास्त बघायला आवडतो, असं माझं निरीक्षण आहे. उरलेल्या मोठ्या काचांवर, पक्ष्यांना त्या दिसाव्यात म्हणून, दर ५ सेंटिमीटरला बारीक ठिपके.

वारा दिवसा दरीतून वर चढतो, रात्री थंड होऊन खाली उतरतो. म्हणून प्रत्येक खोलीला वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना झडपा. अ‍ॅश्रे ५५ या मानकात खोलीतलं सुखद तापमान काढायचं सूत्र असं आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणून १७.८ मिळवायचे. मे महिन्याची सरासरी ३१ धरली तर २७.४ अंश येतात, आणि त्यावर ३.५ अंशांपर्यंत बहुतेकांना चालतं. पंख्याचा वारा असला की आणखी सैल. छपराखाली हवा खेळती ठेवली तर १४ खोल्या एसीशिवाय या मर्यादेत राहतात. वयस्कर किंवा आजारी पाहुण्यांसाठी सहा खोल्यांत लहान एसी ठेवतोय, आर-२९० वायूवर (म्हणजे प्रोपेनवर) चालणारे. जुन्या आर-४१० ए वायूची जागतिक तापमानवाढीची क्षमता (कार्बन डायऑक्साइडची १ धरून) २,०८८ आहे, आर-२९० ची दहाच्या आत.

१४ ऑक्टोबर

टाक्यांच्या जागी ट्रायल पिट, म्हणजे माती तपासायचे खड्डे, घेतले. एक-एक लाख लिटरच्या चार टाक्या, प्रत्येकी ८ बाय ५ बाय २.५ मीटर, सगळ्या जुन्या पायऱ्यांच्या सपाटीत, वर लाकडी ओटे. खणून निघणारी माती बाहेर टाकायला जागा नाही आणि टाकायची इच्छाही नाही. तिच्या विटा होतील का, हे बघायचं.

काचेच्या सरळ उभ्या बरणीत माती, पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून ओट्यावर ठेवली. वाळू आणि खडे मिनिटभरात तळाशी बसले. त्यावर गाळाचा थर हळूहळू जमला. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यात तरंगत होती, मग तिचा गुळगुळीत तांबूस थर सगळ्यात वर. पट्टी लावली: एकूण दहा सेंटिमीटर, खाली वाळू-खडे ६.३, मधे गाळ १.५, वर चिकणमाती २.२. सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांसाठी ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटने सांगितलेलं प्रमाण खडे १५, वाळू ५०, गाळ १५, चिकणमाती २० टक्के. जवळजवळ तंतोतंत. गवंडीकाकांनी बरणी उजेडात धरून फिरवली आणि म्हणाले, "ही माती बांधायचीच आहे." पश्चिमेच्या खड्ड्यात चिकणमाती जास्त निघाली, तिच्यात वाळू मिसळावी लागेल.

पाच टक्के सिमेंट, यंत्रावर दाबून, चार आठवडे ओल्या ठेवून, भट्टीशिवाय. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतं, त्यामुळे सिमेंट टाकी, फूटिंग आणि या पाच टक्क्यांपुरतंच. पावसाच्या झोडीसाठी खालचे तीन थर दगडाचे आणि वळचण खोल. छपराचा सांगाडा बोरॅक्स आणि बोरिक आम्लात मुरवलेल्या बांबूचा, आणि बांबू कुठेही जमिनीला टेकणार नाही, ओला होणार नाही. जोडाच्या जागा उघड्या ठेवतोय, एखादा बांबू खराब झाला तर तेवढाच काढता यावा म्हणून.

११ नोव्हेंबर

सांडपाणी, गरम पाणी, ओल. ब्रोशरमध्ये या गोष्टी कधी येत नाहीत, पण हॉटेल चालतं यांच्यावर.

सांडपाण्यासाठी वीज न लागणारी पद्धत घेतली: आधी गाळ बसवणारी टाकी, मग उभ्या आडभिंतींमधून वर-खाली जाणारं पाणी आणि त्यातले हवेशिवाय जगणारे जिवाणू, मग कर्दळ आणि पाणकणीस लावलेला खडीचा वाफा. सगळं उतारानेच वाहतं. ओढ्यापासून ३० मीटरच्या आत काही नाही. फ्लशला परत जाणारं पाणी मात्र अतिनील दिव्याखालून जाईल, त्याला वीज लागते. स्वयंपाकघराला वेगळा ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी पेटी), आणि तो आठवड्याला रिकामा करता येईल अशा जागी. तेल जिवाणूंपर्यंत पोचलं तर अख्खी व्यवस्था बसते.

नळ्यांसाठी उतारभर चर खणायचे नाहीत. कॅरिबियनमधल्या सेंट जॉन बेटावरच्या माहो बे या पर्यटन तळावर १९७६ मध्ये स्टॅन्ली सेलेंगट यांनी लाकडी पायवाटा जमिनीवरून उचलल्या आणि नळ्या त्यांच्याच खालून नेल्या. आम्हीही तेच करतोय. गळती लागली तर दिसते, दुरुस्तीला फळी उचलली की झालं.

गरम पाण्यावर इंजिनिअरशी वाद झाला. ४५ अंशांवर साठवलं तर वीज वाचते, पण कोमट पाण्यात न्यूमोनिया घडवणारा लेजिओनेला जिवाणू वाढतो. साठवण ६० अंशांवरच राहणार. सौरऊर्जा आणि दिवसा चालणारा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) यांनी ते भागवायचं.

ओलीचा विचार चादरी ठेवायच्या कपाटापासून सुरू करावा लागतो. चार महिने दमट हवेत बंद कपाटात ठेवलेल्या गादीला वास येतो, आणि पाहुणा बाकी सगळं विसरून तेवढंच लक्षात ठेवतो. कपाटांना झडपांची दारं, पाठीमागे दोन बोटांची फट, आणि हीट पंपाशेजारी कपडे वाळवायची खोली.

टॉवेलबद्दल: २००८ मध्ये गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांचा हॉटेलांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यावरण वाचवा असं सांगण्यापेक्षा याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले असं लिहिल्यावर जास्त लोकांनी ते वापरले. पाटी तशीच लिहायची, पण आमचे खरे आकडे हाती आल्यावरच.

४ डिसेंबर

प्रमाणपत्राची चर्चा. एज (EDGE) या हरित इमारतींच्या मानकात नेहमीच्या इमारतीपेक्षा ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. आमचा आराखडा त्यात सहज बसतो, मालकांना ते हवं आहे, आणि त्यात वावगं काही नाही. त्रयस्थ माणसाने आकडे तपासणं चांगलंच.

पण एक गोष्ट मालकांना स्पष्ट सांगितली. हे मोजमाप तुलनेचं आहे. ३६ खोल्यांची इमारतही याच परीक्षेत पास झाली असती, आणि झरा तरी आटला असता. प्रमाणपत्राच्या फाइलला पहिलं पान म्हणून २ मेची मोजणी जोडली आहे.

२२ जानेवारी

फक्कीने आखणी झाली. पावसाळ्यातल्या खुंट्या अजून जागेवर आहेत, एकही खोली त्यांच्या आड येत नाही. तेराव्या खोलीचा खांब एका मोठ्या दगडावर येत होता, तो ४० सेंटिमीटर सरकवला. डंपर फक्त वरच्या बांधापर्यंत येईल, पुढे साहित्य हातगाडीने. कॉन्ट्रॅक्टरने त्याचे दिवस वाढवून मागितले, ते दिले.

१६ फेब्रुवारी

टाक्यांचं खोदकाम सुरू, विटांचं यंत्र पोचलं. आज मात्र दिवसभर बसून हॉटेल चालवण्याची नियमावली लिहिली. मी हिला आराखड्याचाच भाग मानते. वीस खोल्यांचं गणित कागदावर जुळलं तरी पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. चाळीस टक्के कमी पडला तरी १,००० चौरस मीटर छपरावरून ९ लाख लिटर येईल आणि टाक्या भरतील. पण टाकीला तडा जाऊ शकतो, नळ गळत राहू शकतो, झऱ्याची धार त्या आजींनी पाहिली तशी बारीक होऊ शकते.

म्हणून प्रत्येक टाकीत पातळीची पट्टी आणि तिच्यावर महिन्यांच्या खुणा. चारही टाक्या मिळून पाऊस संपल्यावर चार लाख लिटर, कोरड्या दिवसांच्या मध्यावर दोन लाख, अशी रेघ खाली येत जाते. पाणी त्या महिन्याच्या खुणेपेक्षा दहा टक्के खाली गेलं की क्रमांक १५ ते २० च्या खोल्या बंद. सहा खोल्या बंद झाल्या की रोजचे १,३२० लिटर वाचतात, म्हणजे टाकीतून जाणारं पाणी १,६६४ वरून ३४४ वर येतं. इतक्या कमी खोल्या बंद करून इतका फरक पडतो, हे मालकांना आकड्यातच दाखवलं. झऱ्याची धार दर मे महिन्यात वस्तीतल्या लोकांसमोर मोजायची, आणि ती घटली तर आमचा दहावा हिस्साही त्याच प्रमाणात घटवायचा.

मालकांनी एकच बदल सुचवला, आणि तो माझ्या मसुद्यापेक्षा चांगला आहे: एप्रिल-मेसाठी या सहा खोल्यांचं आरक्षण तीस दिवसांपेक्षा आधी उघडायचंच नाही, म्हणजे कोणाला दिलेला शब्द मोडावा लागणार नाही. नियमावलीवर त्यांची सही झाली. आरक्षणाची प्रणाली बसवणाऱ्यांना ही अट उद्या लेखी पाठवायची आहे, सोबत टाकीच्या पट्टीचं रेखाचित्र.